भावांची एक प्रत: रोजनिशीतील पाने

१ मे २०२४, बुधवार

महाराष्ट्र दिन, बाजार बंद. नेटवर्कच्या माणसाला असे दिवस हवेच असतात. केबल उपसली तरी कुणाचा सौदा अडकत नाही. दिवसभर फीड सर्व्हर मोजत बसलो.

आमच्या ब्रोकिंग ऑफिसात प्रत्येक डीलरच्या टर्मिनलला भावांची वेगळी प्रत जाते, टीसीपीवरून. गर्दीच्या वेळी फीड चाळीस मेगाबिटपर्यंत चढतं. टर्मिनल्स अडीचशे. म्हणजे तेच भाव, तेच आकडे, अडीचशे वेळा. सर्व्हरच्या तोंडाशीच दहा गिगाबिट. आणखी एक मजला घेतला की पुन्हा नवा सर्व्हर.

त्याहून खुपतो तो क्रम. सर्व्हर यादीतल्या पहिल्याला आधी देतो, शेवटच्याला शेवटी. बाजारात हा फरक क्षुल्लक नाही. एनएसईच्या को-लोकेशन प्रकरणात सेबीने ३० एप्रिल २०१९ ला जो आदेश दिला, त्याच्या मुळाशी हाच मुद्दा होता: टीसीपीवर माहिती एकामागून एक जाई आणि आधी जोडला गेलेल्याला ती आधी मिळे. आदेश आला तोवर एक्सचेंजने मल्टिकास्ट आणून बरीच वर्षं झाली होती. अपिलात पुढे काय झालं तो वेगळा विषय. मला त्यातून एवढंच घ्यायचंय की भाव वाटण्याची पद्धत हा न्यायाचाही प्रश्न असतो.

मल्टिकास्टमध्ये सर्व्हर एकदाच पाठवतो, एका गटाच्या पत्त्यावर. ज्याला हवं तो त्या गटात सामील होतो. वाट जिथे फुटते तिथेच स्विच आणि राउटर प्रती काढतात. अडीचशे असोत की हजार, सर्व्हरवर बोजा तेवढाच. पण हे सगळं यूडीपीवर चालतं. पॅकेट पोचलं का हे कुणी विचारत नाही, हरवलं तर कुणी पुन्हा पाठवत नाही. तो भरवसा आपणच उभा करायचा. पुढचा महिना त्याच कामाचा.

३ मे, शुक्रवार

पत्त्यांचा आराखडा. वरवर कारकुनी काम, पण इथली ढिलाई वर्षानुवर्षं छळते.

मल्टिकास्टची कल्पना स्टीव्ह डीअरिंग यांची. तिचा प्रमाण दस्तऐवज, आरएफसी १११२, त्यांनीच लिहिलेला, ऑगस्ट १९८९ चा. आयपीचा मल्टिकास्ट पत्ता इथरनेटच्या पत्त्यात बसवताना गटाच्या अठ्ठावीस बिटांपैकी तेवीसच बिटं वापरली जातात. सांगतात ते असं, की डीअरिंगना इथरनेट पत्त्यांचे सोळा सलग संच हवे होते. एकेकाची किंमत हजार डॉलर. जॉन पोस्टेल यांनी एकच संच घेतला आणि त्यातलाही अर्धा डीअरिंगना दिला. त्या काटकसरीमुळे आजही बत्तीस वेगवेगळे गट एकाच इथरनेट पत्त्यावर येऊन पडतात. २२४.१.१.१ आणि २३९.१२९.१.१ हे स्विचच्या लेखी एकच ठरू शकतात.

याचा वाईट परिणाम २२४.०.०.x या पट्ट्याशी टक्कर झाली की दिसतो. तो पट्टा राउटरांच्या आपसातल्या बोलण्याचा, स्विच तो सगळ्या पोर्टांवर ओततोच. कुणी २३९.०.०.५ किंवा २३९.१२८.०.५ असा 'सोपा' पत्ता भावांना दिला, तर ते भाव प्रिंटरच्या पोर्टावरही जातात. त्यामुळे पहिला नियम लिहिला: शून्याचे सोपे पत्ते वर्ज्य.

दुसरा निर्णय मोठा. गट २३२ च्या पट्ट्यातले, म्हणजे सोर्स-स्पेसिफिक. घेणारा नुसतं 'मला हा गट द्या' म्हणत नाही, 'या सर्व्हरकडून आलेला हा गट द्या' म्हणतो. जुन्या पद्धतीत पाठवणारा आणि घेणारा यांची गाठ घालून द्यायला मध्ये एक रॉन्देव्हू पॉइंट लागतो. तो पडला की काय, दोन ठेवले तर एकमेकांना कसं कळवायचं, आधी त्याच्यामार्गे आलेली वाट नंतर जवळच्या वाटेवर वळताना पॅकेट दुप्पट येतात किंवा गळतात, हे सारे प्रश्न मुळातूनच जातात. भावांचे सर्व्हर आमचे, संख्या मोजकी, पत्ते ठरलेले, मध्यस्थ कशाला? शिवाय चुकून किंवा मुद्दाम दुसऱ्या कुणी त्याच गटात काही पाठवलं तरी ते कुणापर्यंत पोचत नाही.

रोख बाजार, फ्युचर्स, ऑप्शन्स, करन्सी यांचे गट वेगळे. ज्याला ऑप्शन्स नकोत त्याच्या मशीनवर त्यांचा पूर का सोडावा?

एक जुनं टर्मिनल सॉफ्टवेअर आहे, त्याला सोर्स सांगता येत नाही. त्याच्यापुरतं राउटरवरच मॅपिंग करून दिलं.

७ मे, मंगळवार

प्रयोगाचा रॅक लावला. टीममध्ये नव्याने आलेल्या मुलीला क्वेरियर समजावून सांगण्यापेक्षा दाखवायचं ठरवलं.

गटात कोण आहे हे कळायला स्विच आयजीएमपीचे निरोप चोरून ऐकतो. त्यालाच स्नूपिंग म्हणतात. पण घेणारी मशीनं आपणहून पुन्हा पुन्हा हजेरी देत नाहीत; कुणीतरी दर १२५ सेकंदांनी विचारावं लागतं. तो क्वेरियर. साधारणपणे हे काम राउटर करतो. एखाद्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या काढलेल्या तुकड्यात, मल्टिकास्टचा राउटरच नसेल तर विचारणारं कुणी उरत नाही.

फीड चालू केलं, तीन मशीनांवर आकडे पळायला लागले. मग क्वेरियर बंद केला. काहीच झालं नाही. आकडे पळतच राहिले. एक मिनिट, दोन मिनिटं. तिने विचारलं, "सर, मग याची गरज काय?" मी म्हटलं, "घड्याळ बघत राहा." चार मिनिटं उलटून काही सेकंद झाले आणि पडदे एकामागून एक थिजले. पहिला, मग तिसरा, मग दुसरा. केबल जागेवर, पोर्टचे दिवे हिरवे, पिंग चालू. भाव तेवढे नाहीत.

गणित साधं आहे: १२५ गुणिले दोन, अधिक उत्तराला दहा सेकंद, म्हणजे २६०. तेवढा वेळ हजेरी लागली नाही की स्विच त्या पोर्टचं नाव काढून टाकतो. हा दोष ओळखायला अवघड, कारण बदल करणारा माणूस 'चालतंय' बघून चार मिनिटांच्या आत उठून गेलेला असतो. आता आमच्या बदलांच्या अर्जावर एक ओळ कायमची आली: मल्टिकास्टचा कुठलाही बदल पाच मिनिटं उलटल्याशिवाय पास धरायचा नाही. प्रत्येक व्हीलॅनला दोन क्वेरियर, एक मुख्य आणि एक राखीव.

१० मे, शुक्रवार

अक्षय्य तृतीया. पेढे वाटून झाल्यावर मीटिंग, आणि त्यात मुख्य वाद: हरवलेलं पॅकेट परत कसं मिळवायचं?

सर्वांत भाबडा उपाय, प्रत्येकाने पोच द्यायची. मग एका पॅकेटमागे अडीचशे पोचा सर्व्हरवर येऊन आदळतात आणि मल्टिकास्टने जे वाचवलं ते सगळं परत जातं. म्हणून उलट पद्धत निघाली: मिळालं तर गप्प राहा, चुकलं तरच सांगा. डिसेंबर २००१ चा पीजीएम आणि पुढे २००९ मध्ये प्रमाण ठरलेला नॉर्म हे प्रोटोकॉल याच विचाराचे. कल्पना चांगली आहे. पण वरच्याच स्विचवर पॅकेट गळलं, तर खालच्या सगळ्यांना ते एकदम कळतं, जणू बाई पुढचं वाक्य बोलताहेत आणि अख्खा वर्ग एका सुरात ओरडतोय, "बाई, मागचं ऐकू आलं नाही!" या गोंधळावर या प्रोटोकॉलांत तोडगे आहेत: थोडं थांबून मग सांगणं, दुसऱ्याने सांगितलं असेल तर आपण न सांगणं.

त्यांनी तो गोंधळ आवरतो, पण रडतं मशीन आवरत नाही. एखादं मशीन इतकं दमलेलं असतं की ते सतत मागतच राहतं, आणि पुन्हा पाठवलेलं पॅकेट सगळ्यांच्या वाटेवरून जातं. चांगल्या चाललेल्यांनाही त्याची झळ बसते, मग त्यांतलेही काही मागे पडतात, तेही मागू लागतात. एका कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या पीसीने अख्खा मजला खाली बसवल्याचं मी या धंद्यात पाहिलंय.

आमचा निर्णय असा झाला. प्रत्येक पॅकेटवर अनुक्रमांक. तेच फीड दोनदा, ए आणि बी, दोन वेगळ्या सर्व्हरांवरून, दोन वेगळ्या स्विचांच्या साखळीतून. घेणारा दोन्ही ऐकतो, जे आधी येईल ते वापरतो, दुसरं टाकून देतो. दोन्हीकडे तोच आकडा गळला तरच खरी गळती. मग तो रिकव्हरी सर्व्हरकडे टीसीपीने जातो आणि फक्त स्वतःपुरतं मागून घेतो. फारच मागे पडला असेल तर मधलं सगळं सोडून ताजा स्नॅपशॉट घेतो आणि तिथून पुढे चालू लागतो. रिकव्हरी सर्व्हरवर प्रत्येकाला ठराविकच कोटा. दुबळ्याला मदत मिळालीच पाहिजे, पण ती बाकीच्यांच्या वाटेवरून नाही. या एका वाक्यासाठी मी मीटिंगमध्ये तासभर भांडलो आणि पुन्हा भांडेन.

१४ मे, मंगळवार

सर्व्हर टीमकडून तक्रार: नव्या मशीनवर वीस गट मिळतात, एकविसावा मिळत नाही. एरर येते 'नो बफर स्पेस अव्हेलेबल'. ती वाचून त्यांनी सॉकेटचा बफर दुप्पट केला, मग चौपट. काही उपयोग झाला नाही. होणारही नव्हता. लिनक्समध्ये आयजीएमपी मॅक्स मेंबरशिप्स नावाची एक मर्यादा आहे, न बदलता ती वीसच असते. वाढवली, एकविसावा गट धावत आला.

बफरचा प्रश्न मात्र दुसरीकडे खरा निघाला. 'नेटवर्कमध्ये पॅकेट गळतंय' असं जे मला रोज ऐकावं लागतं, त्यातलं बरंचसं मशीनच्या आतच गळतं. पॅकेट कार्डपर्यंत येतं, कर्नलपर्यंत येतं, आणि प्रोग्रॅम वेळेवर उचलत नाही म्हणून सॉकेटच्या दारात टाकून दिलं जातं. कर्नल ते प्रामाणिकपणे मोजतो, यूडीपीच्या खात्यात, रिसीव्ह बफर एरर्स या नावाखाली. तो आकडा आजवर कुणी बघत नव्हतं. आता प्रत्येक मशीनवरून तीन आकडे दर सेकंदाला गोळा होणार: कार्डने टाकलेली, सॉकेटवर टाकलेली आणि अनुक्रमांकात दिसलेली भोकं. हे तीन शेजारी शेजारी मांडले की गळती कुठल्या पायरीवर झाली यावर वाद घालावा लागत नाही.

आणखी एक सापळा याच वर्गातला. यूडीपीच्या मल्टिकास्ट सॉकेटचा टीटीएल, म्हणजे पॅकेटने किती टप्पे जायचं ती मर्यादा, काही न सांगता एक असतो. पॅकेट पहिल्या राउटरवरच मरतं. प्रयोगाच्या टेबलावर सगळं चालतं, मजल्यावर नेलं की बंद.

१८ मे, शनिवार

आज शनिवार असूनही एक्सचेंजांनी खास सत्रं ठेवली होती: सकाळचं मुख्य ठिकाणाहून, नंतरचं डीआर साइटवरून, म्हणजे आपत्तीसाठी ठेवलेल्या राखीव ठिकाणाहून. एनएसईची डीआर चेन्नईत. आम्हालाही आमचा डीआरचा फीड सर्व्हर खऱ्या भावांवर तपासता आला.

सोर्स-स्पेसिफिकची एक अडचण इथे समोर येते. घेणारा सोर्सचं नाव घेऊन मागतो; सोर्सच बदलला तर? आम्ही टर्मिनल्सना आधीपासूनच दोन्ही सोर्स मागायला लावलेत, मुख्य आणि डीआर. डीआरचा सर्व्हर गप्प असला तरी त्याच्यापासून मजल्यापर्यंतची वाट राउटरांत आखलेली राहते. तो बोलू लागला की पहिलंच पॅकेट पोचतं.

वाट आखलेली आहे ना, हे काल संध्याकाळी तपासत होतो, तेव्हा एका राउटरवर येण्याची दिशा 'नल' दिसली. मल्टिकास्टचा राउटर प्रत्येक पॅकेटला विचारतो: तुझ्या मालकाकडे जायचा माझा रस्ता ज्या पोर्टावरून आहे, तिथूनच आलास ना? नसेल तर टाकून देतो. फेऱ्यात अडकून पॅकेटांचा स्फोट होऊ नये म्हणून ही तपासणी आहे आणि ती योग्यच आहे. पण डीआरकडे जाणारा आमचा सर्वांत स्वस्त रस्ता ज्या लीज लाइनवरून होता, तिच्यावर मल्टिकास्ट चालतच नव्हतं. पिंग जात होतं, फाइल जात होती, भाव येणं शक्य नव्हतं. मल्टिकास्टसाठी वेगळा स्थिर मार्ग टाकला, दुसऱ्या लाइनवरून. आज दुसऱ्या सत्रात भाव आले तेव्हा चहा सांगितला.

२० मे, सोमवार

मुंबईत लोकसभेचं मतदान, बाजार बंद. सकाळी रांगेत उभं राहून मतदान केलं आणि ऑफिस गाठलं.

ए साखळीचा मुख्य स्विच बंद केला, नंतर चालू करून बी चा. टर्मिनल्सवर एकही भोक नाही. मग केबलच्या वाटा पायी फिरून पाहिल्या. ए आणि बी च्या लाइनी दोन कंपन्यांच्या, दोन बिलं, दोन करार. इमारतीत मात्र दोन्ही एकाच शाफ्टमधून वर चढतात. एका ड्रिल मशीनने दोन्ही जातील. बी साठी मागच्या जिन्याजवळच्या शाफ्टची परवानगी मागितली आहे, सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "काम रात्री करा, पण भिंत परत रंगवून द्या."

२८ मे, मंगळवार

गेले काही दिवस एकच कोडं. मजल्यावरच्या स्विचच्या पोर्टांचा पाच मिनिटांचा सरासरी वापर चार टक्के, आणि तरी पॅकेट टाकल्याची नोंद. वेळ नेहमी तीच, सव्वानऊच्या ठोक्याला.

सरासरीत हे दिसत नाही. बाजार उघडताना भाव काही मिलिसेकंद एकवटून येतात. वरून स्विचमध्ये दहा गिगाबिटने पाच मिलिसेकंद पाणी आलं, तर ते सव्वासहा मेगाबाइट झालं. खाली टर्मिनलचा पोर्ट एक गिगाबिटचा. तेवढ्या वेळात तो जेमतेम पाऊण मेगाबाइटही सोडू शकत नाही. उरलेलं पावणेसहाच्या जवळ कुठे ठेवायचं? मजल्यावरच्या साध्या स्विचात एका पोर्टाच्या वाट्याला एवढी जागा नसते.

मोठ्या बफरचे महाग स्विच घ्या, असा एक सल्ला आला. मला तो पटला नाही. मुळात डीलरच्या डोळ्यांसमोर सेकंदाला हजारदा बदललेला भाव न्यायचा कशाला? माणूस तो वाचूच शकत नाही. म्हणून फीड दोन प्रकारचं केलं. आपोआप सौदे करणाऱ्या प्रोग्रॅमांना पूर्ण फीड, दहा गिगाबिटच्या पोर्टांवर, एकही पॅकेट न गाळता. माणसांच्या पडद्यांना चाळलेलं फीड: पाव सेकंदात एका शेअरचा भाव कितीही वेळा हलला तरी शेवटचा एकच जाईल. आणि सर्व्हरनेच ती पॅकेटं थोडं अंतर ठेवून सोडायची, एका दमात नाही. आज सव्वानऊला त्या पोर्टांची नोंद शून्यावर होती. उद्याही बघायची.

डीलर मंडळींना आधी हे रुचलं नाही. "आम्हाला कमी देताय," असं एक ज्येष्ठ डीलर म्हणाले. त्यांच्या टेबलावर दोन पडदे लावून दोन्ही फीड शेजारी दाखवले. पाच मिनिटं बघून म्हणाले, "डावीकडचं ठेवा, नीट वाचता येतंय." डावीकडचं चाळलेलं होतं.

३ जून, सोमवार

शनिवारी एक्झिट पोल, आज बाजार तीन टक्क्यांहून वर. पूर्ण मजला नव्या पद्धतीवर. सव्वानऊला ए वर दोन ठिकाणी भोकं, बी ने भरली. रिकव्हरी सर्व्हरकडे कुणालाच जावं लागलं नाही.

४ जून, मंगळवार

निकाल. सकाळी आठपासून मजला भरलेला. सेन्सेक्स ४,३८९ अंकांनी पडून ७२,०७९ वर बंद झाला. असा दिवस आम्ही कुणीच मोजून ठेवलेला नव्हता.

मी पडद्यावर तीनच आकडे लावून बसलो होतो. साडेअकराच्या पुढे पूर्ण फीडवर ए आणि बी दोन्हीकडे एकाच जागी भोक पडलं. चार मशीनं रिकव्हरीला गेली, सेकंदाच्या आत परत आली. एक मशीन मात्र जातच राहिलं. कार्डवर शून्य, सॉकेटवर हजारो. म्हणजे पॅकेट पोचत होतं, प्रोग्रॅम उचलत नव्हता. डीलरने त्यावर पंचवीस एक्सेल शीटं भावांना जोडून ठेवली होती. कोटा संपला, सर्व्हरने त्याला थेट स्नॅपशॉटवर नेलं. शेजारच्या टेबलांना काही जाणवलं नाही. मी जाऊन सांगितलं, "दादा, निम्मी शीटं बंद करा." त्यांनी मान वर न करता केली, आणि मशीन सावरलं.

दहा मेला मीटिंगमध्ये ज्या वाक्यासाठी भांडलो, ते आज कामी आलं.

६ जून, गुरुवार

एनएसईने कालचे आकडे सांगितले: ५ जूनला एका दिवसात १,९७१ कोटी ऑर्डर्स, २८ कोटींहून जास्त सौदे, सव्वासहा तासांत. सेकंदाला सरासरी पावणेनऊ लाखांच्या घरात ऑर्डर्स. आणि ही सरासरी. सव्वानऊचा ठोका याच्या कितीतरी वर.

ऑप्शन्सचा गट आता एकाच मशीनला पेलण्याजोगा राहिलेला नाही. निफ्टी, बँक निफ्टी आणि बाकीचे असे तीन गट करायचे, प्रत्येकाचा अनुक्रमांक वेगळा. राउटरच्या मल्टिकास्ट तक्त्यात किती नोंदी बसतात ते आधी बघायचं, कारण गट वाढले की ए-बी आणि डीआर धरून नोंदी चौपट होतात. रिकव्हरी सर्व्हर दुसरा लावायचा. बी च्या शाफ्टचं काम शनिवारी रात्री. रंगाऱ्याला रविवारी सकाळी बोलावलं आहे.